डबीच्या पोटातल्या खुणा

मागच्या भाषणात आपण अडकित्त्याबद्दल बोललो, तेव्हा तुमच्यापैकी कितीतरी जणींनी निरोप धाडले, की घरातल्या आणखी जुन्या वस्तूंविषयी सांगा. आज एका डबीविषयी बोलणार आहोत. डबी आपल्याकडची नव्हे, विलायतेची. पण आपल्याच एका गटातल्या बाईच्या ट्रंकेत ती दोन पिढ्या होती, आणि आम्ही सल्ला दिला म्हणून मोडीत गेली.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मासिक बैठक होती. एका ताईंचे दोन हप्ते थकले होते, त्यात मुलीची फी भरायची होती. त्यांनी पदराची गाठ सोडून एक चांदीची डबी काढली. काडेपेटीच्या निम्म्याएवढी, चपटी, झाकणावर पाण्याच्या लाटांसारख्या बारीक रेघा. त्यांच्या आजेसासूबाई महाबळेश्वरला एका साहेबाच्या बंगल्यात आया होत्या. मडम विलायतेला परत जाताना देऊन गेली, असं घरात सांगत. आजेसासूबाई तिच्यात लवंगा ठेवायच्या. गंमत म्हणजे झाकण उघडलं की आत आणखी एक झाकण होतं, जाळीचं, सोनेरी. कुणी म्हणालं अत्तराची असेल, कुणी म्हणालं धुपाची. आम्ही म्हणालो, "चांदी ती चांदी. मोडून टाका, व्याज तरी वाचेल."

सोनाराने चिमट्याने जाळी उचकटून वेगळी काढली. सगळं मिळून अठरा ग्रॅम भरलं. घट धरून बाराशेच्या आसपास रुपये हातावर आले. हप्ते फिटले, रजिस्टरात तशी नोंद आहे.

मोडायच्या आधी ताईंच्या मुलीने मोबाईलवर दोन फोटो काढून ठेवले होते, पणजीची आठवण म्हणून. एक उघड्या डबीचा आणि एक तळाचा. पुढे वर्षभराने आमच्यातल्या एकीला कॉलेजच्या वाचनालयात इंग्लंडच्या जुन्या चांदीवरचं एक पुस्तक सापडलं. पान उलटताना तिचा हात थांबला. तीच जाळी होती.

त्या डबीला व्हिनेग्रेट म्हणतात. शिरका, म्हणजे व्हिनेगर, त्यावरून हे नाव पडलं. जाळीखाली स्पंजाचा बारीक तुकडा असायचा. मसाले, सुगंधी तेलं घातलेल्या शिरक्यात तो भिजवलेला असे. अठराव्या शतकाच्या शेवटी आणि एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या सुखवस्तू बायका ही डबी जवळ बाळगत. शहरात तेव्हा धड गटारं नव्हती, रस्त्यात घोड्यांची लीद, नदीला वास. आणि बायकांचे कमरेचे पट्टे इतके आवळलेले की श्वास घ्यायला जागा नाही. भोवळ आली की डबी उघडून नाकाशी धरायची. आपल्याकडे कुणाला चक्कर आली तर आपण कांदा फोडून हुंगवतो ना, तसंच. फरक इतकाच की त्यांचा कांदा चांदीच्या डबीत राहायचा. जाळीला आणि आतल्या बाजूला सोन्याचा मुलामा असे, कारण शिरका चांदीला खातो. आम्ही ज्याला शोभा समजलो, ती डबी टिकावी म्हणून केलेली सोय होती.

अशा डब्यांचं मोठं गोत आहे. ते वाचताना आम्हाला आपलीच फडताळं आठवत होती. तिकडे एक टिकल्यांची डबी असे. हो, टिकल्याच! सतराव्या-अठराव्या शतकात तिकडच्या बायका, आणि पुरुषसुद्धा, काळ्या रेशमाच्या बारीक टिकल्या चेहऱ्यावर चिकटवत. शोभा तर होतीच, पण देवीच्या रोगाचे व्रणही त्यांनी झाकले जात. डबीच्या झाकणात आतून आरसा बसवलेला असे.

तपकिरीची डबी तर घरोघरी. आपल्याकडेही तपकीर ओढणाऱ्या आज्या काय थोड्या होत्या? पण त्यांची डबी पत्र्याची किंवा पितळेची असायची. तिकडे डबीवरून माणसाची पत ठरायची. पीटरशॅम नावाच्या एका उमरावाकडे वर्षाच्या प्रत्येक दिवसाला वेगळी डबी होती, असं सांगतात. तपकीर म्हणजे पिठासारखी बारीक पूड, ती खिशात सांडायची. म्हणून झाकण असं बसलं पाहिजे की आत हवासुद्धा जाऊ नये, आणि तरी एका बोटाने उघडलं पाहिजे. अशी बिजागरी करणं हे त्या कारागिरांचं खरं कसब. आजही जुनी डबी पाहणारा जाणकार आधी झाकण लावून ती उजेडासमोर धरतो, फटीतून उजेड येतो का ते बघतो.

आणि एक डबी खास जायफळाची. तुम्ही म्हणाल, जायफळाला चांदीची डबी? आपण ते सहाणेवर उगाळून बाळाला चाटवतो, पुरणात आणि श्रीखंडात घालतो, उरलेलं मसाल्याच्या डब्यात पडून असतं. पण अठराव्या शतकापर्यंत जायफळ जगात पिकायचं ते एकाच ठिकाणी. आजच्या इंडोनेशियातली बांदा बेटं. त्या बेटांसाठी रक्त सांडलं. १६२१ मध्ये डच कंपनीने तिथली हजारो माणसं मारली, उरलेल्यांना गुलाम करून नेलं. त्या बेटांपैकी रन नावाच्या एका बेटावर इंग्रज हक्क सांगत. १६६७ च्या तहात ते त्यांनी डचांना सोडलं आणि अमेरिकेतलं मॅनहॅटन डचांकडून कायमचं इंग्रजांना मिळालं. आज जिथे न्यूयॉर्कच्या उंच इमारती उभ्या आहेत, तेच मॅनहॅटन. तर अशा महागड्या फळासाठी इंग्रज बाबू खिशात एक डबी ठेवायचा. आत एक अख्खं जायफळ आणि झाकणाखाली बारीक किसणी. मेजवानीत पेला हातात आला की त्यावर स्वतःचं जायफळ स्वतः किसायचं. त्या पेयाचं नाव पंच. दारू, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला असे पाच जिन्नस, आणि नाव आपल्याच 'पाच'वरून पडलं असं पुष्कळ जाणकार मानतात. आपला आकडा आणि बांदाचं जायफळ साहेबाच्या पेल्यात. आता आपल्या कोकणातही जायफळाच्या बागा आहेत, आणि तिथले बचत गट सालीचं लोणचं, सरबत करतात. असो, मूळ डबीकडे येऊ.

तळाच्या फोटोत चार-पाच बारीक शिक्के होते. आम्हाला ते ओरखडे वाटले होते. मोबाईलवर मोठं करून पाहिलं तर एक चालता सिंह, एक नांगर, एक माणसाचं डोकं, एक पुसट अक्षर आणि आणखी दोन अक्षरं, त्यातलं एकच लागत होतं. नांगर म्हटल्यावर एक मावशी म्हणाल्या, "म्हणजे शेतकऱ्याचीच डबी की!" तो जहाजाचा नांगर होता.

या खुणांना हॉलमार्क म्हणतात. आज सोन्याच्या दुकानात आपण हा शब्द ऐकतो, तो तिकडचाच. लंडनमध्ये सोनारांच्या मंडळाचा एक वाडा आहे, गोल्डस्मिथ्स हॉल. घडवलेली प्रत्येक वस्तू त्या हॉलमध्ये नेऊन कस लावून घ्यायचा आणि मार्क मारून आणायचा, म्हणून हॉलमार्क. सुरुवात झाली १३०० साली. राजाने कायदा केला की चांदी ठरलेल्या कसाची असलीच पाहिजे, आणि ती तशी आहे हे दाखवायला बिबट्याच्या तोंडाचा शिक्का हवा. कस ठरला होता हजार भागांत ९२५ भाग चांदी, बाकी तांबं. निव्वळ चांदी फार मऊ असते, तांब्याशिवाय डबी उभी राहत नाही. तपासायचं कसं? वस्तूवरून किंचित चांदी खरवडायची, तोलायची, शिशाबरोबर आगीत जाळायची. हिणकस निघून जातं, उरलेला मणी पुन्हा तोलायचा. दोन वजनांतला फरक म्हणजे भेसळ.

चालता सिंह १५४४ पासून मारू लागले. पण आम्हाला सगळ्यात भावलं ते वर्षाचं अक्षर. १४७८ पासून दरवर्षी एक नवीन अक्षर मारायची पद्धत पडली. आज जुन्या वस्तू जमवणारे लोक त्या अक्षरावरून वय काढतात. पण ते अक्षर वय सांगण्यासाठी नव्हतंच. पुढे कधी वस्तू हलक्या कसाची निघाली, तर त्या साली तपासनीस कोण होता हे कळावं आणि त्याला जाब विचारता यावा, म्हणून ते होतं. आपल्या रजिस्टरात दर महिन्याच्या हिशेबाखाली अध्यक्ष आणि सचिवांची सही असते, तसा प्रकार. आणि हे लोक गंमत करत नव्हते. अठराव्या शतकात काही काळ खोटा शिक्का मारणाऱ्याला फाशी होती.

राजाचं डोकं कशाला, तर करासाठी. १७८४ मध्ये सरकारने चांदीच्या वस्तूंवर कर बसवला. कर भरला की राजाच्या मुखड्याचा शिक्का मिळे. १८९० मध्ये कर गेला, तेव्हा मुखडाही गेला. आपल्या फोटोतला मुखडा डावीकडे बघणारा होता, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा. ती गादीवर आली १८३७ मध्ये. झालं ना गणित? डबी १८३७ नंतरची आणि १८९० च्या आधीची. ताईंच्या आजेसासूबाईंना ती मिळाली तेव्हाच ती जुनी झालेली असणार.

आता उरला नांगर. तो बर्मिंगहॅम गावचा. लंडनच्या वायव्येला असलेलं हे कारखान्यांचं शहर. बटणं, बकलं, डब्या, साखळ्या अशा लहान लहान धातूच्या वस्तू करणारं. अशा वस्तूंना तिकडे टॉय म्हणत, आज त्या शब्दाचा अर्थ खेळणं झाला. अठराव्या शतकात तिथे मॅथ्यू बोल्टन नावाचा मोठा कारखानदार होता. पुढे जेम्स वॉटच्या भागीदारीत वाफेची इंजिनं विकली, तोच हा. त्याच्या सोहो कारखान्यात चांदीचं काम होई, पण गावात कस तपासायची कचेरी नव्हती. सत्तरेक मैलांवर चेस्टरला माल पाठवावा लागे. खराब रस्ते, चोरांची भीती, हिसक्यांनी नाजूक काम मोडायचं, आणि माल परत येईपर्यंत गिऱ्हाईक थांबायचं नाही. बाजारपेठ लांब असली की काय होतं, हे पापड-लोणची विकणाऱ्या आपल्याला कुणी शिकवायला नको.

बोल्टनने पार्लमेंटात अर्ज केला. लंडनच्या सोनारांनी विरोध केला, कारण त्यांचा धंदा फुटणार होता. शेफील्ड गावचे लोक बोल्टनच्या बाजूने आले. १७७३ मध्ये कायदा झाला आणि त्याच वर्षी ३१ ऑगस्टला बर्मिंगहॅमची कचेरी एका खाणावळीत सुरू झाली. सुरुवातीला आठवड्यातून एकच दिवस, आपल्या आठवडी बाजारासारखी. पहिला माल अर्थातच बोल्टनचा. समुद्र कुठल्या कुठे, आणि या गावाला खूण मिळाली जहाजाचा नांगर. शेफील्डला मिळाला मुकुट. त्याचं कारण असं सांगतात, की लंडनमध्ये अर्जासाठी आलेली मंडळी ज्या ठिकाणी बसत, त्या दारूच्या गुत्त्याचं नाव होतं 'मुकुट आणि नांगर'. तेच दोघांनी वाटून घेतलं. खरं असो नसो, गोष्ट झकास आहे.

जवळ कचेरी आली आणि बर्मिंगहॅममध्ये डब्यांचा पूर लोटला. सॅम्युएल पेम्बर्टन, जोसेफ टेलर, मॅथ्यू लिनवुड, जोसेफ विलमोर, नॅथॅनिएल मिल्स ही तिथल्या घडवणाऱ्यांची नावं. आज जमवणारे लोक ती देवाच्या नावांसारखी घेतात. त्यात नॅथॅनिएल मिल्सचं नाव सगळ्यात वर. १८३० आणि १८४० च्या दशकांत त्याने झाकणावर किल्ले, राजवाडे, चर्चची चित्रं उठवलेल्या डब्या काढल्या. पोलादी साच्यावर पत्रा दाबून चित्र उमटवायचं आणि मग हाताने कोरून साफ करायचं. विंडसरचा राजवाडा, वॉरिक आणि केनिलवर्थचे किल्ले, वॉल्टर स्कॉट या कादंबरीकाराचं ॲबट्सफर्डचं घर. त्या काळात रेल्वे आल्या, लोक हौसेने स्थळं बघायला निघाले. आपण पंढरपूरहून बुक्क्याची डबी आणतो, तशी ते लोक विंडसरहून आणत. आज ज्या जागेची डबी दुर्मिळ, तिला भाव जास्त. वजनाचा प्रश्नच येत नाही. अठरा ग्रॅमच्या डबीला अठरा ग्रॅमचा भाव लावणारा जमवणारा शोधून सापडणार नाही.

आमच्या मनात मात्र वेगळाच प्रश्न आला. झाकणाखाली नाव मिल्सचं, पण तो पत्रा दाबला कुणी? बर्मिंगहॅमच्या अशा कारखान्यांत हातदाबाच्या यंत्रांवर बायका आणि मुली मोठ्या संख्येने बसत. घासून चकाकी आणायचं कामही पुष्कळदा त्यांचंच. त्यांची अक्षरं कुठल्याच डबीवर नाहीत. शिक्का मालकाचा. नियमच तसा होता.

एक बाई मात्र अशी सापडली, जिचा स्वतःचा शिक्का होता, आणि तिच्याविषयी सांगितल्यावाचून आमच्याने राहवत नाही. हेस्टर बेटमन. लंडनची. नवरा जॉन साखळ्या घडवायचा. १७६० मध्ये क्षयाने गेला. हत्यारं बायकोच्या नावे ठेवून गेला. पुढच्याच वर्षी, १७६१ मध्ये, पन्नाशी ओलांडलेली हेस्टर त्या सोनारांच्या हॉलमध्ये गेली आणि आपल्या नावाची दोन अक्षरं, एच आणि बी, शिक्का म्हणून नोंदवून आली. तिला लिहिता येत नव्हतं. सहीच्या जागी तिने खूण केली.

मैत्रिणींनो, आपल्या गटांत पहिल्या वर्षी किती जणी अंगठा लावायच्या, आठवतंय? बँकेत साहेब शाईचा पॅड पुढे सरकवायचा तेव्हा मान खाली जायची. या बाईने खूण करून शिक्का घेतला आणि पुढची तीसेक वर्षं कारखाना चालवला. सुरुवातीला दुसऱ्या सोनारांची कामं करून दिली, मग स्वतःच्या नावाने चमचे, चहाची भांडी, मीठदाण्या, लहानसहान वस्तू काढल्या. यंत्रावर लाटलेला पातळ पत्रा वापरायची, म्हणून माल हलका आणि मध्यम घरांना परवडेल असा. मोठ्या राजघराण्यांचे कारागीर नाकं मुरडत असतील. चालायचंच! १७९० मध्ये ती निवृत्त झाली, १७९४ मध्ये वारली. तिच्या निवृत्तीपाठोपाठच मुलगा जोनाथन गेला, तेव्हा त्याची विधवा ॲन हिने दीर पीटर याच्याबरोबर शिक्का नोंदवला. दीर-भावजयीची भागीदारी, आणि शिक्क्यात दोघांचीही अक्षरं. ज्या बाईला आपलं नाव लिहिता आलं नाही, तिची अक्षरं आज अडीचशे वर्षांनी लोक भिंग लावून वाचतात, आणि ती आहेत म्हणून वस्तूला जास्त पैसे मोजतात. त्या काळी लंडनमध्ये सोनाराच्या विधवेला धंदा पुढे चालवता येई, त्यामुळे हेस्टर एकटीच नव्हती. पण नाव तिचं झालं.

पुढे व्हिक्टोरिया राणीच्या काळात बड्या पेढ्या आल्या. लंडनच्या बॉन्ड स्ट्रीटवरची ॲस्प्रे, तशीच मॅपिन अँड वेब. ॲस्प्रेचा प्रवासी पेटारा प्रसिद्ध. आत मखमल आणि तिच्यात चांदीच्या झाकणांच्या डब्या-बाटल्या ओळीने बसवलेल्या. आपल्याकडचे राजेमहाराजेही अशा पेढ्यांचे गिऱ्हाईक. अशा दुकानांच्या मालावर पेढीचं नाव ठसठशीत असतं, आणि भिंग लावलं की बारीक शिक्का पुष्कळदा बर्मिंगहॅमच्या कुठल्यातरी कारखान्याचा निघतो. आपली चटणी मोठ्या दुकानात त्यांचं लेबल लावून जाते, त्यातलाच हा प्रकार.

याच काळात आली चांदीची काडेपेटी. तेव्हाच्या काड्या कुठेही घासल्या तरी पेटायच्या, खिशातही. म्हणून साहेब लोक त्या धातूच्या डबीत ठेवत, तिच्या बुडाला काडी घासायला खाचा असत. सॅम्प्सन मॉर्डन या कारखान्याच्या मीनाकाम केलेल्या अशा डब्यांना आज फार मागणी आहे. पण त्या डबीत ज्या काड्या जात, त्या करणाऱ्या बायकांचं काय? लंडनच्या पूर्व भागात ब्रायंट अँड मे कंपनीचा काडेपेट्यांचा कारखाना होता. पांढरा फॉस्फरस वापरायचे. बायका त्याच जागी बसून भाकर खायच्या, विष पोटात जायचं, जबड्याचं हाड सडायचं. वर बोललं तर दंड, काड्या सांडल्या तर दंड. १८८८ च्या जूनमध्ये ॲनी बेझंट यांनी आपल्या साप्ताहिकात हे छापलं. हे खोटं आहे असं लिहून द्या, म्हणून कंपनीने कामगार बायकांना दटावलं. त्यांनी सही दिली नाही. एकीला काढलं, तशा जुलैत सुमारे चौदाशे बायका आणि मुली कामावरून उठून बाहेर आल्या. तीन आठवड्यांच्या आत कंपनी नमली. दंड बंद झाले, जेवायला वेगळी जागा मिळाली, बायकांची संघटना उभी राहिली. पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर बंदीचा कायदा मात्र १९०८ मध्ये आला. या संपाचं श्रेय बेझंटबाईंना देतात. आम्हाला ते पटत नाही. बातमी त्यांनी दिली, दाराबाहेर पाऊल टाकलं ते त्या बायकांनी. याच बेझंटबाई पुढे आपल्या देशात आल्या, लोकमान्य टिळकांप्रमाणे त्यांनीही होमरूलची चळवळ चालवली आणि १९१७ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या.

आपल्याकडेही साहेब लोकांसाठी चांदीच्या डब्या होत. कच्छचं काम नावाजलेलं, भुजच्या उमरसी मावजींच्या वस्तू आज मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. पण कस तपासून शिक्का मारणारी कचेरी तेव्हा आपल्या देशात नव्हती, कारागिराचा शब्द हाच शिक्का. भारतीय मानक ब्यूरोचा हॉलमार्क सोन्याला २००० पासून आणि चांदीला २००५ पासून मिळू लागला. सोन्याला तो सक्तीचा व्हायला २०२१ उजाडलं.

जुनी डबी पाहायची कशी, हे आम्ही पुस्तकांतून जमेल तेवढं शिकलो. शिक्के झाकणावर आणि तळावर दोन्हीकडे हवेत आणि त्यांचा मेळ बसला पाहिजे. व्हिनेग्रेटच्या जाळीवरही पुष्कळदा सिंह असतो. झाकणाच्या मध्ये पत्रा पातळ लागला, तर तिथलं आधीच्या मालकाचं नाव कुणीतरी घासून काढलेलं असतं. साध्या झाकणावर मागाहून किल्ल्याचं चित्र डकवणारे ठगही आहेत. आणि एक कळकळीची विनंती, जुनी चांदी रांगोळीने घासू नका. काळी पडली तर पडू दे. घासून घासून बारीक शिक्के बुजतात आणि मग ती खरोखरच नुसती चांदी उरते.

गेल्या दिवाळीत एक मावशी मोठ्या हौसेने एक डबी घेऊन आल्या. तळाला चार इंग्रजी अक्षरं होती, ई पी एन एस. मावशींना वाटलं, सापडलं घबाड! त्याचा अर्थ पांढऱ्या मिश्रधातूवर विजेने चढवलेला चांदीचा मुलामा. तीही विद्या बर्मिंगहॅमचीच, एल्किंग्टन कंपनीने १८४० मध्ये तिचं पेटंट घेतलं. मावशी हिरमुसल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं, आता निर्धास्तपणे चुना ठेवते."

आता तुम्ही विचाराल, ताईंचं नुकसान किती झालं? आकडा सांगणार नाही. विलायतेच्या लिलावातला भाव आपल्या गावात मिळत नसतो. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू परवानगीवाचून देशाबाहेर पाठवताही येत नाहीत, १९७२ चा कायदा आहे. शिवाय फी त्याच आठवड्यात भरायची होती. पण चार माणसांना विचारायला, पुण्यामुंबईच्या एखाद्या जाणकाराला फोटो दाखवायला आठ दिवस लागले असते, आणि तेवढे दिवस गटातून उसने देता आले असते. आमच्याकडे त्या दिवशी तेवढी शिल्लक होती. तेव्हा कुणाला ते सुचलं नाही.

ताईंना आम्ही हे सगळं सांगितलं. लपवणं बरं वाटेना. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "पोरीची फी तर गेली ना वेळेवर." त्यानंतर गटात ठराव झाला, की कुणाचीही जुनी वस्तू मोडायच्या आधी तिचा तळाचा फोटो काढायचा, बैठकीत दाखवायचा आणि आठ दिवस थांबायचं. साठ रुपयांचं एक भिंग आणलं आहे, ते पासबुकांच्या पेटीत असतं. पुण्याच्या केळकर संग्रहालयात दिनकर केळकरांनी जमवलेले घरगुती दिवे, अडकित्ते बघायला यंदाची सहलही ठरते आहे. एसटीचं भाडं निम्मं गटातून, निम्मं ज्याचं त्याने.

ताईंची मुलगी आता बारावीला आहे. तळाचा फोटो तिने अजून ठेवला आहे. वर्षाचं अक्षर लागलं तर डबीचं नेमकं साल कळेल, म्हणून ती अधूनमधून तो मोठा करून बघत बसते. परवा म्हणाली, 'ओ' वाटतो, नाहीतर 'क्यू' असेल.

पुढच्या मंगळवारी पाटा-वरवंटा. टाकी लावणाऱ्या एक आजी स्वतः बोलायला येणार आहेत.